मनात शंका आली म्हणून देवाचं वचन अडतं का?

ताई, प्रभूत सलाम.

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे मिस्टर दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीन वेळा. डॉक्टर आता प्रत्यारोपणाचं बोलताहेत आणि तपासणीत तुमची किडनी जुळली आहे. तुम्ही ज्या प्रार्थना-गटात जाता तिथे एकाने देवाच्या नावाने सांगितलं, की ईस्टरपर्यंत ते पूर्ण बरे होतील, फक्त संशय धरू नका. ईस्टर येऊन गेला. आता तीच माणसं म्हणतात की या घरात कोणीतरी संशय धरतंय, आणि किडनी द्यायला निघणं म्हणजे तर अविश्वासच. तुम्ही विचारता: नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो संशय धरणाऱ्याला प्रभूकडून काही मिळणार नाही, मग हे माझ्यामुळे अडलंय का? मनातला संशय काढून कसा टाकायचा? आणि अगदी शेवटी, जरा बिचकतच, हॉलमधली वचनाची पाटी उतरवून ठेवू का?

ज्याला उशीर चालणार नाही ते आधी सांगतो. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. पाण्याचं माप, जेवणाचं पथ्य, गोळ्या, सगळं डॉक्टर सांगतील तसं. ‘विश्वासाचं पाऊल’ म्हणून एक पाळी सोडा असं कोणी सुचवलं, तर तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असला तरी त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. किडनी चालत नसली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय थांबू शकतं. त्याला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात.

मी पाळक आहे. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत ३१ वर्षं सेवा केली, आणि त्यातली निम्मी तरी परळच्या इस्पितळांच्या जिन्यांवर आणि समोरच्या फुटपाथांवर गेली. तिथे गावाकडून आलेले लोक चटई टाकून महिनोन् महिने राहतात. तुम्हाला आज जे सांगितलं जातंय, ते एकदा मी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणून हे उत्तर लांबणार.

सेवेत नवा होतो. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाच्या आईला मी म्हणालो, बाई, संशय धरू नका, मुलगा बरा झालाच आहे असं समजून वागा. ती साताऱ्याकडची, धर्मशाळेत राहायची. तिने माझं ऐकलं. मे महिना होता. जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून दादरला जाऊन तिने गणवेश, दप्तर आणि पिवळा रेनकोट आणला. मुलगा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. मातीनंतर तिसऱ्या दिवशी ती रेनकोट घेऊन माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, “साहेब, माझं कुठं कमी पडलं?”

मला उत्तर देता आलं नाही. मूल गेल्याचं दुःख तिला होतंच. ते आपल्यामुळे गेलं, हे वरचं ओझं मी तिच्या पदरात घातलं होतं. रेनकोट मंडळीतल्या कुणा मुलाला द्या म्हणाली. मी तो बरीच वर्षं कुणाला देऊ शकलो नाही.

त्या दिवसानंतर मी शास्त्रातली ‘संशय’ या शब्दाची सगळी ठिकाणं नव्याने वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. पण त्याआधी आपल्याच घरातली एक गोष्ट.

आपण मराठी माणसं. ख्रिस्ती होऊन चार-पाच पिढ्या झाल्या तरी नवस आपल्या अंगात मुरलेला आहे. मुंबईत नवसाला धर्म नसतो. बुधवारी माहीमच्या चर्चबाहेरची रांग बघा, सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या विकायला ठेवलेल्या बघा. रांगेत सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात. त्यांची चेष्टा करायचा मला अधिकार नाही. आजारी पोराची आई जे सापडेल ते धरते. पण नवसाचा व्यवहार कसा असतो? बोलणारा मी असतो. तू एवढं कर, मी तेवढं वाहीन. वचनात बोलणारा देव असतो आणि मी ऐकणारा. तुमच्या गटाने तुम्हाला जे शिकवलं, त्याला नाव वचनाचं आहे, पण आत नवसच आहे: मी मनात एकही शंका येऊ देणार नाही, त्या बदल्यात तू माझ्या नवऱ्याला बरं कर. मेणाच्या किडनीच्या जागी निःशंक मन वाहायचं, एवढाच फरक.

आणि हा नवस फिटत नाही. मेणाची वस्तू वाहिली की वाहिली. मन पुरतं निःशंक झालं की नाही, हे कोण सांगणार? माणूस बरा झाला तर सांगणाऱ्याचं वचन खरं, नाही झाला तर तुमचा संशय नडला. सांगणारा कधी खोटा पडत नाही. मला तर या शिकवणीतली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

आता याकोब. पहिल्या अध्यायातलं सहावं वचन तुम्हाला ऐकवलं गेलं. पाचवं ऐकवलं का? पाचव्यात काय मागायला सांगितलंय? ज्ञान, म्हणजे शहाणपण. नाना प्रकारच्या परीक्षांत सापडलेल्या माणसांना याकोब सांगतोय की अशा वेळी कसं वागावं हे कळत नसेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता देतो. ‘दोष न लावता’ हे शब्द तिथेच आहेत. त्याच्यापुढे संशयाची गोष्ट येते. म्हणजे ज्या वाक्याने तुम्हाला दोष लावला गेला, त्याच्या लगेच आधीचं वाक्य दोष न लावणाऱ्या देवाबद्दल आहे.

मूळ ग्रीकमध्ये ‘संशय धरणे’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याच्या मुळाशी वेगळं करणं, दुभागणं आहे. याकोब तेच क्रियापद पुढच्याच अध्यायात पुन्हा वापरतो: सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत सभेत आला की त्याला चांगली जागा देता, गरिबाला म्हणता तिकडे उभा राहा, तर तुम्ही आपसात भेद करत नाही काय? तिथे डोक्यात आलेल्या प्रश्नाचा काही संबंध नाही, वागण्यातल्या दुटप्पीपणाचा आहे. आणि आठव्या वचनात संशय धरणाऱ्याला जो ‘द्विबुद्धीचा’ म्हटलंय, तो मूळ शब्द म्हणजे दोन जीव असलेला. चौथ्या अध्यायात हाच शब्द तो एक हात जगाच्या आणि एक हात देवाच्या खांद्यावर ठेवणाऱ्यांना लावतो. दादरला एक पाय गाडीच्या पायरीवर आणि एक फलाटावर ठेवून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला आहे. गाडी सुटेल की नाही या शंकेने त्याला काही होत नाही. होतं ते दोन ठिकाणी पाय ठेवल्याने.

तुम्ही रात्री दोन वाजता उठून “देवा, तू खरंच ऐकतोस ना?” असं विचारता, असं लिहिलंय. ताई, विचारता कोणाला? देवालाच ना? मग तुमचे दोन्ही पाय गाडीतच आहेत. गाडी कधी सुटणार एवढंच तुम्ही विचारताय.

अब्राहामाचं उदाहरण तुमच्या गटात नक्की दिलं असणार. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो की अब्राहाम अविश्वासाने डळमळला नाही, आणि तिथेही हेच क्रियापद आहे. आता उत्पत्ती उघडा आणि हा न डळमळलेला माणूस प्रत्यक्षात कसा वागला ते बघा. वचन मिळालं तेव्हा तो ७५ वर्षांचा. मूल होईना, तेव्हा देवाला म्हणाला, माझा वारस काय हा घरचा चाकर, दिमिष्काचा अलियेजर होणार? पंधराव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात लिहिलंय की त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि देवाने तो नीतिमत्त्व म्हणून गणला. हे आपण पाठ करतो. दोनच वचनं पुढे, आठव्यात, तोच माणूस विचारतो: हे मी कशावरून समजू?

देव चिडला का? देवाने करार केला. त्या काळी जनावरांचे दोन भाग करून करार करणारे त्यांच्यामधून चालत जायचे. अब्राहामाला गाढ झोप लागली होती. त्या तुकड्यांमधून धुराची भट्टी आणि जळती मशाल गेली. अब्राहाम गेलाच नाही. दोघांच्या कराराला एकानेच पाय लावले. मला सगळ्या जुन्या करारात याहून मोठा दिलासा कुठे सापडलेला नाही, आणि अजून त्यावर मला मनासारखा उपदेश करता आलेला नाही.

पुढे ८६ व्या वर्षी त्याला बायको साराची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला; वचन आपल्या हिकमतीने पुरं करायचा तो प्रयत्न. ९९ व्या वर्षी देवाने पुन्हा सांगितलं तेव्हा अब्राहाम पालथा पडून हसला. सारा तंबूच्या आड हसली, वर “मी हसले नाही” म्हणाली. १०० व्या वर्षी मुलगा झाला आणि त्याचं नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. २५ वर्षांत प्रश्न, घाई, हसू, सगळं झालं. एवढ्यावर पौल म्हणतो डळमळला नाही. कारण एवढं होऊनही तो दुसऱ्या देवाकडे गेला नाही आणि निघून आलेल्या गावी परतला नाही.

हेही पुरत नसेल तर जखऱ्याकडे बघा. लूकच्या पहिल्याच अध्यायात म्हातारा याजक देवदूताला विचारतो, हे कशावरून समजू? त्याला तर स्पष्ट सांगितलं गेलं की तू माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला नाहीस. शिक्षा काय झाली? वाचा गेली. आणि वचनाचं काय झालं? योहान ठरल्याप्रमाणे जन्माला आला. अविश्वासाने बापाची वाचा अडली, मुलगा अडला नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं: देवाने खरंच दिलेलं वचन तुमच्या रात्री दोनच्या शंकेने अडत नाही.

पण देवाने खरंच दिलेलं, हे महत्त्वाचं. इथे माझं म्हणणं जरा कडक आहे, मनाला लावून घेऊ नका.

आपल्याकडे वचन फार सैल हाताने वाटलं जातं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीला टोपलीतून वर्षाचं वचन काढायचं, त्यावर वर्ष काढायचं. मीही अशा टोपल्या फिरवल्या आहेत. त्यात वाईट काही नाही, पण चिठ्ठीवर एक ओळ मावते, अध्याय मावत नाही. आणि अध्यायातून उचललेली ओळ काय करू शकते हे शास्त्रातच आहे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिरोभागी उभं राहून ९१ व्या स्तोत्रातलं वचन कोण म्हणून दाखवतो? सैतान. देव दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील, मार उडी. वचन अस्सल, शब्द बरोबर. येशूने उडी मारली नाही. तुमच्या गटाच्या हिशोबाने तो त्याचा संशय ठरला असता.

‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’ हे यशयाचं वचन तुम्ही रोज शंभर वेळा म्हणता असं लिहिलंय. म्हणा. पण नव्या करारात त्या अध्यायाचं काय केलंय ते बघा. मत्तय त्याच्या आधीची ओळ कफर्णहूमात येशूने आजाऱ्यांना बरं केलं त्याला लावतो. पेत्र हीच ओळ आपल्या पापांना लावतो. म्हणजे शरीराचं बरं होणं त्यात नाही असं मी म्हणणार नाही. देव बरं करतो. पण ‘या देहाला, या तारखेपर्यंत’ असं त्यात कुठेही नाही. ज्या पौलाच्या अंगावरच्या रुमालांनी इफिसात आजारी बरे झाले, त्याने आपला सोबती त्रफिम मिलेताला आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. पौलाच्या विश्वासात खोट काढायला कोणी निघत नाही, तुमच्याच का काढावी?

डोंगराला ‘समुद्रात पड’ म्हणा आणि मनात संशय धरू नका, हे मार्कच्या अकराव्या अध्यायात येशू बोलला. त्याच आठवड्यात, चौदाव्या अध्यायात, तोच गेथशेमाने बागेत म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. हे दोन अध्याय एकत्र वाचायचे असतात. आपण पहिला फळ्यावर लिहितो आणि दुसरा गुड फ्रायडेपुरता ठेवतो.

राहिली ईस्टरची तारीख. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, अठराव्या अध्यायाच्या शेवटी, नियम अगदी साधा आहे: परमेश्वराच्या नावाने कोणी बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराने सांगितलेलं नव्हतं, तो उद्धटपणे बोलला, त्याला भिऊ नका. ऐकणाऱ्याच्या घरात संशय होता का, याची चौकशी मोशेने करायला सांगितलेली नाही. दोष बोलणाऱ्याकडे जातो. त्या भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. कदाचित तुमच्यावरच्या मायेपोटीच बोलला असेल. मीही मायेपोटीच बोललो होतो. पण त्याला भिऊ नका.

एक छोटं काम सांगतो, मी बऱ्याच जणांना सांगतो. एक वही घ्या. डावीकडे लिहा ‘देव म्हणाला’, उजवीकडे ‘माणूस म्हणाला की देव म्हणाला’. ईस्टरची तारीख उजवीकडे जाईल. ‘किडनी देणं म्हणजे अविश्वास’ हेही उजवीकडे. डावीकडे काय येईल? मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. पाप पदरी घेतलं तर तो क्षमा करतो. मी पुनरुत्थान व जीवन आहे. शहाणपण मागा, दोष न लावता मिळेल. ही यादी आधी आखूड वाटते. जसजशी वर्षं जातात तसतसं कळतं की इस्पितळात याच ओळी लागतात.

आता किडनी. यशयाच्या ३८ व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाला टेकलाय. देव यशयाकरवी सांगतो, तुझं आयुष्य मी १५ वर्षं वाढवतो. याहून स्पष्ट वचन काय असणार? आकडाच दिलाय. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी यशया सांगतो, अंजिरांची ढेप घ्या आणि गळवावर बांधा. वचन मिळालेलं असताना, वचन सांगणाऱ्या संदेष्ट्यानेच औषध लावायला सांगितलं. आता कोणी मला समजावून सांगावं की डायलिसिस आणि प्रत्यारोपण कुठल्या तोंडाने अविश्वास ठरवायचं.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गटाला खोटं पाडायला म्हणून किडनी देऊ नका. आणि न दिल्यास प्रेम कमी, विश्वास कमी, असंही मनात आणू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात पती-पत्नी जवळचे नातेवाईक धरले जातात, तेव्हा कायद्याने तुम्ही देऊ शकता. तुमची तब्येत, तुमचा रक्तदाब, शस्त्रक्रियेनंतर घर कोण बघणार, हे सगळं डॉक्टरांना आणि प्रत्यारोपण समन्वयकाला नि:संकोच विचारा. मृत्यूनंतर दान केलेल्या किडनीसाठीच्या प्रतीक्षायादीबद्दलही विचारून ठेवा. ‘हो’ म्हणायला जेवढी मोकळीक, तेवढीच ‘नाही’ म्हणायलाही असली पाहिजे. याकोबाने मागायला सांगितलेलं शहाणपण नेमकं इथे लागतं. त्या वचनाचा खरा उपयोग तुमच्या बाबतीत हाच आहे, असं मला वाटतं.

संशय काढून कसा टाकायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. मला काढून टाकता आलेला नाही, म्हणून पद्धत सांगता येत नाही. मार्कच्या नवव्या अध्यायातल्या आजारी मुलाच्या बापालाही ती ठाऊक नव्हती. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असं तो एकाच दमात ओरडला, आणि येशूने त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा केला. आधी अविश्वास घालवून ये, मग बघू, असं म्हणाला नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतर कितीतरी काळ त्या तिथल्या भगिनींशी एकेका सिद्धांतावरून वाद घालत होत्या. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. त्याच मधल्या काळात, १८८९ मध्ये, त्यांनी चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. लक्ष्मीबाई टिळकांचे पती १८९५ मध्ये इथेच मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी स्वतः आणखी पाच वर्षं घेतली. आपल्या मराठी मंडळीच्या दोन मोठ्या बाया प्रश्न विचारत विचारत आल्या. तुमच्या गटात त्यांना बहुतेक मागच्या बाकावर बसवलं असतं.

तर संशय बरोबर घेऊनच प्रार्थनेला बसा. १३ वं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. डायलिसिस चालू असताना बाहेरच्या बाकड्यावर चार तास असतातच. तिथे मोठ्याने म्हणा. शेजारचे बघतील. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातलं कोणीतरी तुम्हाला कुठलं पान म्हणून विचारेल, असा माझा अनुभव आहे. आणि ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवसासाठी ८८ वं स्तोत्र आहे. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

एकटीने मात्र करू नका. हिब्रूत विश्वासासाठी ‘एमूना’ शब्द आहे, त्याच धातूचा ‘आमेन’. शास्त्रात हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो माहीत आहे? निर्गमच्या सतराव्या अध्यायात, अमालेकाशी लढाई चालू असताना. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकत होतं, हात खाली आले की हरत होतं. हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं आणि दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले, आणि मावळतीपर्यंत त्याचे हात ‘एमूना’ राहिले, म्हणजे स्थिर. तो स्थिरपणा मोशेच्या स्नायूंतला नव्हता. दुसऱ्यांनी धरल्यामुळे आलेला होता. त्यालाच शास्त्राने विश्वासाचा शब्द लावला.

पक्षाघात झालेल्या माणसाला छपरातून खाली सोडलं, तिथेही येशूने त्यांचा विश्वास पाहिला, उचलून आणणाऱ्यांचा. खुद्द याकोब पाचव्या अध्यायात म्हणतो, कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. विश्वासाची प्रार्थना तिथे वडिलांनी करायची आहे. आजाऱ्याच्या बायकोने मन मुठीत धरून करायची आहे असं तो कुठे म्हणत नाही. तुमच्या मंडळीच्या पाळकांना बोलवा. तेल लावून प्रार्थना करून घ्या, बरं होण्यासाठी उघडपणे मागा. मी आजही तसंच मागतो. बरे झालेले पाहिले आहेत, न झालेले त्याहून जास्त पाहिले आहेत, आणि दोघांसाठी सारखंच मागितलं होतं. मंडळीच्या महिला संघातल्या दोघींना सांगा, आठवड्यातून एका पाळीला एकीने तरी तुमच्यासोबत येऊन बसायचं. डबा आणला तर उत्तमच. त्या काही बोलल्या नाहीत तरी चालेल.

गट सोडायचा का, ते तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात डोकावतंय. ‘किडनी’ हा शब्द तोंडातून काढायची बंदी असलेल्या खोलीत तुम्ही प्रार्थना कशी करणार, एवढंच बघा. निदान प्रत्यारोपणाचा निर्णय होईपर्यंत तिथे जाणं थांबवा.

आता पाटी. तुम्ही लिहिलंय की तिच्यावर यिर्मयाचं २९:११ आहे, कल्याणाचे संकल्प, आशा आणि भवितव्य. लग्नात मिळालेली, म्हणजे जुनी असणार. ते वचन बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याही वेळी, इकडे यरुशलेमेत, हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. दोन वर्षांत सगळं परत येईल असं त्याने देवाच्या नावाने सांगितलं होतं. यिर्मयाच्या पत्रात आधी लिहिलंय की घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. दहाव्या वचनात लिहिलंय ७० वर्षं. म्हणजे ज्यांनी ते पत्र हातात घेऊन वाचलं, त्यातल्या बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिलं नाही. तरी पत्र त्यांनाच लिहिलं होतं.

पाटी उतरवू नका. फक्त दहावं वचनही तिच्यावर लिहून घ्या, साध्या पेननेही चालेल. समोर जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा.